बुर्जी करून जिंकायचं नाही

मी, द्रौपदी शंकर ओव्हाळ, वय पंच्याहत्तर, निवृत्त शिलाई कामगार, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम, माझ्यामागे माझ्या वस्तूंचं आणि माणसांचं काय व्हावं हे लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. ज्यांना दाखला पुरत नसेल त्यांनी दुपारच्या चहानंतर येऊन माझ्याशी बुद्धिबळाचा एक डाव खेळावा आणि मग काय ते म्हणावं. मला कोणी भरीस पाडलेलं नाही. उलट घरातले निम्मे लोक लिहू नकोस म्हणून मागे लागले होते. याआधी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही.

वकील तेजस्वीताईंनी मला एक मसुदा टाइप करून दिला होता. चांगला होता, पण वाचून वाटलं, ही बाई कोण? म्हणून त्यातली कायद्याची वाक्यं ठेवली आणि बाकीचं माझ्या हाताने लिहिलं. ताईंनी कपाळाला हात लावला, पण चालेल म्हणाल्या.

आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला शोधत बसायला नको. हा सगळा खटाटोप एका खोलीसाठी आहे. मी गेल्यावर माझे दीर नरेंद्र यांना आमच्या घरात राहू देतील की त्यांची ट्रंक बाहेर ठेवतील, एवढाच प्रश्न आहे. बाकी भांडीकुंडी कोणीही वाटून घेतली असती.

कलम १. माझ्या अंत्यविधीला बुद्धवंदना घ्यावी आणि पुढे पुण्यानुमोदनाचा साधा कार्यक्रम करावा. भाषणं नकोत. कोणाला राहवलंच नाही तर त्याने उभ्याने बोलावं, म्हणजे लवकर आटपेल. जेवणात गोड म्हणून शेवयांची खीर असावी, आणि ती यशोधराने करावी. सूनबाई खिरीत साखर हात राखून घालते. बाकी तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

कलम २. मांजर्लीतलं आमचं बैठं घर पुनर्विकासाला दिलेलं आहे. यजमानांच्या मागे दोन्ही मुलांनी हक्क सोडून दिल्यामुळे करारनामा माझ्या एकटीच्या नावावर असून नोंदणी झालेली आहे. त्या बदल्यात तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट मिळणार आहे. एक हॉल, स्वयंपाकघर आणि दोन खोल्या: एक पुढची, बाल्कनीची, आणि एक मागची, स्वयंपाकघराला लागून. नदीला पूर आला की आमच्या बैठ्या घरात कपाटाच्या खालच्या कप्प्यापर्यंत पाणी यायचं. तिसऱ्या मजल्यावर ते येणार नाही, त्यामुळे घर पाडलं याचं मला दुःख नाही. इमारत होईपर्यंत आम्ही सगळे मांजर्लीतच एका भाड्याच्या बैठ्या घरात राहतो. हा फ्लॅट माझा मुलगा मिलिंद आणि माझी मुलगी यशोधरा यांना निम्मा-निम्मा देते. यशोधरा नाशिकला सुखात आहे, ती राहायला येणार नाही. तरी हिस्सा हा हिस्सा. राहील मिलिंद, त्याची बायको आणि त्यांची मुलगी वैष्णवी. हे सगळं खालच्या कलम ७ मधल्या अटीला धरून आहे.

कलम ३. ती अट का, ते समजायला घराची हकिकत माहीत पाहिजे.

माझे यजमान शंकर अंबरनाथच्या एका कारखान्यात टर्नर होते. जागेचा तुकडा त्यांनी घेतला, कागद त्यांच्या एकट्याच्या नावावर झाला. पण घर बांधलं दोघा भावांनी. नरेंद्र भाऊजी तेव्हा उल्हासनगरला छापखान्यात खिळे जुळवायचे. सुटले की तडक इकडे यायचे. रेती चाळली त्यांनी, विटा वाहिल्या त्यांनी. मागची भिंत तर पुरती त्यांच्या हातची, आणि ती एकच भिंत पुरात कधी फुगली नाही. त्यांनी लग्न केलं नाही. मागच्या खोलीत राहायचे, आमच्यात जेवायचे.

मग कोणीतरी त्यांच्या कानात फुंकलं की कागदावर नाव नाही म्हणजे उद्या तू रस्त्यावर. ते घाबरले आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. अर्ध्या घरासाठी भावावर दावा लावला. दावा कितीतरी वर्षं चालला. एकाच घरातून दोघे वेगवेगळ्या वेळेला निघून एकाच कोर्टात जायचे, आणि परत आले की मी दोघांना एकाच पातेल्यातलं वाढायचे. शंकरचं ब्लडप्रेशर तेव्हापासूनचं. मिलिंदच्या डिप्लोमासाठी जे बाजूला ठेवलं होतं ते वकिलाकडे गेलं. पोरगा हुशार होता, पण बारावीनंतर सरळ एमआयडीसीत हेल्परला लागला. आज तो सुपरवायझर आहे, स्वतःच्या हिमतीवर आहे. पण काकांनी माझं शिक्षण खाल्लं हे त्याच्या मनातून गेलेलं नाही, आणि ते खोटं आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगू?

दाव्याचा निकाल आमच्या बाजूने लागला. कागद बोलला. नरेंद्रने खोली रिकामी करावी, असा हुकूम झाला.

कलम ४. आता बुद्धिबळ. तेजस्वीताई म्हणाल्या की याचं मृत्युपत्रात काय काम. सगळं काम याचंच आहे.

आमच्या घरी देशी पद्धतीने खेळतात. माझ्या सासऱ्यांनी दोघा मुलांना शिकवलं, शंकरने मला. लग्न होऊन आले तेव्हा आजूबाजूच्या बायका हसायच्या, की द्रौपदीला पटापासून लांब ठेवा, एकदा तिला पणाला लावलं होतं ते पुरे. मी म्हणायचे, ती पटावर लावलेली होती, मी पट मांडून बसलेली आहे. फरक आहे की नाही? सोंगट्या शंकरने लेथवर सागाच्या तुकड्यांच्या केलेल्या आहेत. एक उंट पुरात वाहून गेला. त्याच्या जागी दोऱ्याचं रिकामं रीळ आहे आणि ते उंटापेक्षा चांगलं चालतं.

देशी खेळात प्यादं पहिल्यापासून एकच घर चालतं. राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्यासारखी उडी मारता येते. प्यादं पलीकडे पोचलं की ते वाटेल ते होत नाही. ज्या मोहऱ्याच्या घरात पोचलं तोच मोहरा होतं. हत्तीच्या घरात गेलं तर हत्ती, घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. उचललं की खेळलं, ही तर कुठल्याही पद्धतीत साधी इभ्रतीची गोष्ट आहे.

आणि सगळ्यात मोठा नियम बुर्जीचा. समोरच्याचे सगळे मोहरे मारून त्याचा राजा एकटा पाडला तर त्याला बुर्जी म्हणतात, आणि आमच्याकडे ती जिंक धरत नाहीत. जिंकायचं असेल तर समोरच्याचा निदान एक मोहरा, मग ते प्यादं का असेना, पटावर जिवंत पाहिजे आणि तो असताना मात दिली पाहिजे. नवशिक्याला हे उलटं वाटतं. दिसेल ते मारत सुटतो आणि शेवटी हातात काहीच येत नाही. मीही पहिलं वर्षभर शंकरला असंच नागवून टाकायचे आणि जिंकले जिंकले म्हणून टाळ्या पिटायचे. तो शांतपणे सोंगट्या परत मांडायचा.

कलम ५. निकालाचा हुकूम झाला त्यानंतर भाऊजींनी ट्रंक भरली आणि ओट्यावर आणून ठेवली. कुठे जाणार होते देव जाणे, देव आम्ही मानत नाही तरी. शंकर आतून पट घेऊन आला. ट्रंकेच्या बाजूला बसला आणि सोंगट्या मांडायला लागला. भाऊजी उभेच. मिलिंद दारात होता, त्याने हे ऐकलेलं आहे, म्हणून लिहिते. शंकर म्हणाला, "कोर्टात मी जिंकलो. पण तू गेलास तर ती बुर्जी होईल, आणि बाबा असते तर बुर्जीची जिंक मला त्यांच्यासमोर सांगता आली नसती. ट्रंक आत ठेव."

भाऊजींनी ट्रंक आत ठेवली. त्यानंतर दोघा भावांत बोलणं असं राहिलं नाही, ताठा दोघांतही होता. पण रोज दुपारी डाव व्हायचा आणि त्यात "शह" एवढा शब्द निघायचा. कोणाचा डाव कसा चालला आहे हे मला स्वयंपाकघरात त्या एका शब्दाच्या आवाजावरून कळायचं. शंकर गेला त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्याच्या जागेवर जाऊन बसले. भाऊजींनी माझ्याकडे पांढऱ्या सोंगट्या केल्या. आजही खेळतो. ते हल्ली हरतात आणि चष्म्याला दोष देतात.

शंकरने दिलेला शब्द तोंडी होता. तो गेला, मी आहे तोवर मी आहे. माझ्यामागे तोंडच राहणार नाही म्हणून हा कागद.

कलम ६. किरकोळ वाटणी.

शिलाई मशीन यशोधराला. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात मी सगळी उमर काढली. कारखाना बंद झाला तेव्हा शेठ मुकेश यांनी मशीन माझ्या दारात आणून टाकली आणि म्हणाले, बाई, ये तो तुम्हारी ही थी. त्या माणसाचं भलं होवो. बँकेत आणि पोस्टात जे काही आहे ते यशोधरा आणि वैष्णवी यांनी सारखं घ्यावं. दागिना म्हणजे एक बोरमाळ, ती सूनबाईला. पुरात, आजारपणात, माझ्या तोंडाळपणात ती कधी डगमगली नाही.

कुळगावचे रघु मास्तर यांना डासांच्या अगरबत्तीचा एक पुडा द्यावा. यांनी कुळगावात बुद्धिबळाची स्पर्धा भरवली होती आणि बाई म्हणून मला बसवायला का कू केली. मग बसवलं. स्वतःच समोर बसले. वजिराला हात लावला, उचलला, चूक कळल्यावर खाली ठेवला आणि म्हणाले, डास बसला होता. पंच त्यांचा मेहुणा. तो डाव मी हरले असं तिथल्या फळ्यावर लिहिलं गेलं. पुढे त्या डासाने बदलापुरात कोणाला त्रास देऊ नये एवढीच माझी इच्छा आहे. तेजस्वीताई म्हणतात हे कलम कायद्यात बसत नाही. नसेल बसत, पण पुडा द्यावा.

कलम ७. वरील फ्लॅटमधली मागची खोली नरेंद्र ओव्हाळ यांनी हयात असेपर्यंत वापरावी. त्यांना तिथून कोणीही, कुठल्याही कारणाने, कुठल्याही कागदाच्या जोरावर काढू नये. स्वयंपाकघर, संडास-मोरी आणि हॉल यांचा वापर त्यांना घरच्या माणसासारखा असावा. हा हक्क राहण्याचा आहे, मालकीचा नाही. त्यांना खोली विकता, भाड्याने देता किंवा कोणाच्या नावे करता येणार नाही. पाहुणा आला तर येऊ द्यावा. त्यांच्यामागे खोलीचा हक्क आपोआप मिलिंद आणि यशोधरा यांच्याकडे जाईल.

कलम ८. या अटीवरून घरात काय झालं तेही लिहून ठेवते, नाहीतर माझ्यामागे प्रत्येक जण आपली आवृत्ती सांगेल.

वैष्णवी माझी नात, कॉलेजात आहे. ती माझ्याकडेच खेळायला शिकली. यंदा अंबरनाथला एका हॉलमध्ये स्पर्धा होती, ती बाहेरच्या नियमांची, घड्याळ लावून खेळायची. पोरीने डाव हातात आणला होता. समोरच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं. ते प्यादं तिला सहज मारता येत होतं. तिने मारलं नाही. नियम तिला चांगले माहीत आहेत, पण हाताला लहानपणापासून सवय की शेवटचा मोहरा मारायचा नाही. ती मात द्यायच्या मागे लागली, एक चाल चुकली, प्यादं पलीकडे जाऊन वजीर झालं आणि पोरगी हरली. तिने पंचांच्या कागदावर सही केली, समोरच्याचा हात हातात घेतला आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली.

मिलिंद तेव्हा माझ्या मसुद्यावरून आधीच तापलेला होता. तो म्हणाला, "बघितलंस आई? दयेने सोडलेलं प्यादं वजीर होतं. काकांना खोली दे, उद्या ते पुन्हा कोर्टात जातील."

मी त्याला सांगितलं की पोरीचं चुकलंच. ज्या पटावर बसलो त्या पटाचा नियम पाळायचा. अंबरनाथला बुर्जी चालते, तिथे प्यादं मारायलाच पाहिजे होतं, आणि मी वैष्णवीलाही तसंच सांगितलं. पण मांजर्लीचा पट माझा आहे. इथे शेवटचा मोहरा ठेवावा लागतो, आणि इथलं प्यादं वाटेल ते होत नाही, ज्या घरात पोचेल तेवढंच होतं. काका राहण्याच्या घरात पोचले आहेत, मालकीच्या नाही. म्हणून तर कलम ७ मध्ये विकता येणार नाही, देता येणार नाही हे सगळं तेजस्वीताईंकडून शब्द पारखून घेतलं. मी काय भोळीभाबडी नाही. मिलिंदने ऐकलं, पण डबा उचलून सेकंड शिफ्टला निघून गेला. पुढे बरेच दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्याचा राग खोटा नाही.

कलम ९. त्याहून कठीण निघाले भाऊजी. मी त्यांना कलम ७ वाचून दाखवलं. इतक्या वर्षांत "शह"च्या पलीकडे त्यांनी मला जे काही म्हटलं असेल ते चहा, औषध आणि पावसाबद्दल. त्या दिवशी ते पटावरून हात मागे घेऊन म्हणाले, "वहिनी, दावा मी लावला होता. पोराचं शिक्षण माझ्यामुळे गेलं. मला दयेवर ठेवू नका, मी जातो."

मला राग आला. एवढ्या म्हाताऱ्या माणसावर रागवायला नको होतं, पण आला. मी म्हटलं, "भाऊजी, बुर्जीचा नियम हरणाऱ्यावर दया करायला नाही. तो जिंकणाऱ्याला बांधायला आहे. तुम्हाला त्यात हो-नाही म्हणायचा अधिकारच नाही. चाल करा."

त्यांनी घोडा हलवला. तो मी मारला. संमती झाली असं मी धरते.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी मुलगी यशोधरा हिने करावी. पट आणि सोंगट्या, रिळासकट, वैष्णवीला देते. तिने बाहेर बाहेरच्या नियमांनी खेळावं आणि शेवटचं प्यादं खुशाल मारावं. घरात मात्र घरच्या.

कलम ११. दुरुस्ती. सगळं लिहून झालं होतं आणि साक्षीदार येऊन बसले होते. माझे शेजारी कैलास भोईर चहा पीत होते, तेजस्वीताई शिक्क्याची शाई शोधत होत्या. तेवढ्यात मिलिंद पहिल्या शिफ्टहून आला. मला वाटलं आता वाद घालतो की काय, सगळ्यांसमोर. तो हातपाय धुऊन आला, खुर्ची ओढली आणि सगळी पानं पहिल्यापासून वाचायला लागला. कलम ३ दोनदा वाचलं, हे मी पाहिलं. विकता येणार नाही ना, असं त्याने ताईंना विचारलं. ताई नाही म्हणाल्या. भाऊजी ओट्यावर होते, पण दार उघडं होतं, त्यांना सगळं ऐकू येत होतं.

मिलिंद म्हणाला, "आई, एक चुकलंय. मागची खोली नको. त्यांनी उभं आयुष्य मागच्या खोलीत काढलं. पुढची दे. आम्ही मागे झोपू."

सूनबाईकडे बघितलं तर तिने होकाराची मान हलवली. मी पेन मिलिंदपुढे केलं. तेजस्वीताई म्हणाल्या, ज्याला घर मिळायचं आहे त्याने कागदाला हात लावू नये, पुढे अडचण येते. तेव्हा मीच केलं. कलम ७ मध्ये "मागची खोली" असं आहे तो "मागची" शब्द रद्द समजावा आणि तिथे "पुढची, बाल्कनीची" असं वाचावं.

या शेवटच्या ओळीचं अक्षर वेडंवाकडं आलं आहे. ते वयामुळे किंवा आजारामुळे नाही, हे कोर्टाने कृपा करून ध्यानात घ्यावं.

वरचं सगळं मी स्वतः लिहिलं, साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि दोघांच्या डोळ्यांसमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

लिहून ठेवणार:
(सही) द्रौपदी शंकर ओव्हाळ

साक्षीदार:
१. (सही) कैलास दौलतराव भोईर, राहणार मांजर्ली, बदलापूर पश्चिम
२. (सही) अॅड. तेजस्वी सुभाष म्हसकर, राहणार कुळगाव, बदलापूर पूर्व

ठिकाण: मांजर्ली, बदलापूर पश्चिम, जिल्हा ठाणे
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५